मेजरांचं साधं इंग्लिश

मेजरांच्या वर्गात मराठी अर्थ सांगायला बंदी होती. 'नेबर म्हणजे शेजारी' असं कुणी घाईनं म्हणालं, की घासात खडा लागल्यासारखं तोंड करून मेजर म्हणायचे, "शेजारी मला बी ठावं हाय. त्यो काय करतो ते सांग, इंग्लिशमधी." मग स्वतःच सांगायचे, "ही लिव्ह्ज निअर. ही नोज एव्हरीथिंग." सगळे हसायचे, आणि तो शब्द पुन्हा कुणी विसरायचं नाही.

मेजर खरे तर हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण आमच्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच, त्याला सरकारचाही इलाज नाही. तासगावच्या अलीकडे त्यांची थोडी द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड होती. बेदाण्याचे दिवस सरले की शेड रिकामी व्हायची आणि हिरव्या जाळ्यांच्या रॅकखाली ताडपत्री टाकून वर्ग भरायचा. बेदाण्याला दिलेल्या गंधकाच्या धुरीचा वास तरी राहायचाच. तो अंगाला चिकटून घरापर्यंत यायचा.

मी म्हसवडकडची. आमची आधीची पिढी मेंढरांमागं फिरलेली. मी शिकायला म्हणून इथं आत्याकडे राहिले होते. वर्गात तोंड उघडायची माझी छाती नव्हती. पायाच्या अंगठ्यानं ताडपत्री उकरत बसायचे. एकदा मेजर 'वेट' हा शब्द घेऊन माझ्यासमोरच उभे राहिले.

"सुट्टी सरली की म्हसवडास्नं कशानं येतीस?"

"यष्टीनं."

"मग तुला न्हाई कळायचं तर कुणाला? सांग."

मी जीव मुठीत धरून म्हणाले, "आय सिट. यष्टी नॉट कमिंग."

आता हसतील, म्हणून मी मान खाली घातली. मेजरांनी ते वाक्य अख्ख्या वर्गाकडून मोठ्यानं म्हणून घेतलं. मग मला म्हणाले, "शब्द आडला म्हणून गप बसायचं न्हाई, गड्या. ती गोष्ट काय करती ते सांगायचं. ऐकणारा शाणा असंल तर त्येला कळतंय." मुलींनाही ते गड्याच म्हणायचे. त्या दिवसापासून मी बोलायला लागले, ती आजतागायत थांबलेली नाही, असं माझा नवरा म्हणतो.

हा उद्योग ते फौजेतच शिकले होते. बर्फातल्या एका चौकीवर त्यांचा जोडीदार तमिळ. ह्यांना तमिळ येईना, त्याला मराठी येईना, आणि दोघांचंही हिंदी दिव्य. उरलं मूठभर इंग्लिश. तेवढ्यावर दोघांनी आपापली शेतं, जनावरं आणि बायकापोरं एकमेकांना समजावून सांगितली. जोडीदारानं एकदा विचारलं, हाऊस आणि होम ह्यात फरक काय? मेजरांनी बराच विचार करून सांगितलं, "होम. दे कीप फूड फॉर यू."

ती व्याख्या आम्हाला सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. लग्न नवं असताना ते रजेवर न कळवता, कुठल्याही वेळी घरी यायचे. म्हणून त्यांची बायको, आमच्या काकी, रोज एक भाकरी जास्तीची थापून झाकून ठेवायच्या. सासू बोलली, तरी ठेवायच्या. "शिपाई मानूस. कवा ईल सांगता येतंय व्हय?" एवढंच त्यांचं उत्तर. हे सगळं मेजरांनी आम्हाला सांगितलं, पण त्यांच्या त्या इंग्लिशमध्ये. काकी शेडच्या दारात चहाची किटली ठेवून म्हशींकडे निघून जायच्या. त्यांना इंग्लिशचा गंध नव्हता.

पुढे मी द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका पॅकहाऊसमध्ये नोकरीला लागले. एकदा फोनवर बोलताना मला 'देठ' ह्याचा इंग्लिश शब्द काही केल्या आठवेना. मी म्हणाले, "द स्मॉल हँड. इट होल्ड्स द ग्रेप." पलीकडचा माणूस हसला, पण त्याला बरोबर कळलं. मी हे मेजरांना सांगितलं, तर त्यांनी तो 'स्मॉल हँड' वर्गात शिकवायलाच घेतला.

मग मेजरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, आणि वाचाही जवळजवळ गेली. सांगलीच्या दवाखान्यातून काकींचा फोन आला. "ह्यास्नी मराठी फुटंना झालंय. इंग्लिशमधी कायतरी म्हणत्यात. तुला कळंल. ये बाई."

मी गेले तर मेजर भिंतीकडे तोंड करून पडलेले. उशाशी पेज, खिचडी, शिरा असं सगळं तसंच होतं. थोरला मुलगा बिचारा रडकुंडीला आला होता. "सारखं फूड फूड म्हणत्यात. दिलं की ढकलून देत्यात. आता तर बोलायचंच बंद केलंय. डोकं चालंना झालंय आण्णांचं."

मेजरांना ऐकू येत होतं. त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उतरलेलं मला दिसलं, आणि मुलाचा मला भयंकर राग आला. मी खाटेवर बसले. त्यांचा डावा हात धरला आणि त्यांच्याच वर्गातल्या आवाजात म्हटलं, "गप बसायचं न्हाई, गड्या. व्हॉट डझ इट डू?"

मेजरांनी मान वळवली. ओठ वाकडे होत होते. "फूड," ते म्हणाले. मग बराच वेळ झगडून, "कीप." आणि माझ्या हातातून आपला हात सोडवून त्यांनी काकींकडे बोट केलं.

"होम?" मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले आणि लहान मुलासारखी जोरजोरात होकाराची मान हलवली.

"काकी, त्यांना भूक नाही लागलेली," मी म्हणाले. "त्यांना घरी जायचंय." मग त्या झाकलेल्या भाकरीवरून मेजरांनी केलेली व्याख्या मी त्यांना मराठीत सांगितली. बर्फातल्या जोडीदाराला सांगितलेली, दर वर्षी आम्हाला शिकवलेली.

काकींनी मेजरांचं पांघरूण नीट केलं, एकदा केलेलं पुन्हा केलं. मग म्हणाल्या, "येवढी वर्सं हे मराठीत सांगाया काय झालं हुतं?"

मेजर अर्ध्या तोंडानं हसले.

डॉक्टरांनी सोडल्यावर त्यांना घरी आणलं. थोडे शब्द परत आले, बरेच आले नाहीत. जे आले नाहीत त्यांना ते वळसा घालून जायचे, आणि काकी ते वळसे ओळखायला आता शिकल्यासारख्या झाल्या होत्या. पुढचा बेदाणा शेडमध्ये पडला तेव्हा मेजर गेले.

मी अजून पॅकहाऊसवरून येताना काकींकडे डोकावते. परवा गेले तेव्हा चुलीशेजारी ताटलीखाली भाकरी झाकलेली होती. काकींचं जेवण झालेलं, मुलगा सून परगावी.

"ही कुणाला ठेवली?" मी विचारलं.

"कोन कवा ईल सांगता येतंय व्हय?" काकी म्हणाल्या आणि ताटली माझ्यापुढे सरकवली. मी हात धुतले आणि जेवायला बसले.