उजवा कौल कशासाठी मागायचा?

गेल्या शनिवारी आम्ही गावी होतो, मालवणजवळ, आईकडे. मी, मंदार आणि लेक सई. रविवारी सकाळी डोंगरावरच्या माऊली देवीला जायचं ठरलं होतं, आणि हे जाणं नेहमीसारखं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात पडली. बाबा गेल्यापासून ती एकटीच असते. दोन तास ओल्या फरशीवर पडून होती... शेजारच्या सुमनकाकी भाजी द्यायला आल्या म्हणून कळलं. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

तेव्हापासून मी तिच्या मागे लागले होते, आता पुण्याला चल. हॉस्पिटलमध्ये तिचा हात धरून रडलेही होते. तिची खोली तयार केली, पडदे लावले. ती कधीच नाही म्हणाली नाही. हो-ही म्हणाली नाही. त्या शनिवारी मात्र म्हणाली, "माऊलीक इचार. कौल लाव. ती सांगात तसा करूया."

आमच्याकडे मोठा निर्णय असला की देवीला कौल लावतात. पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला भिजवलेल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

आईचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत. ती पायथ्याशी गाडीतच बसली, दार उघडं ठेवून. ओटीचं सामान माझ्या हातात देताना म्हणाली, "सावकाश जावा. जावयबापू, मधी बसा हां, लाज नको." मंदार खरंच तीनदा बसला. सई प्रत्येक वेळी त्याचा फोटो काढत होती.

वर गर्दी नव्हती. गाभाऱ्यात समईचा उजेड, तेलाचा आणि अबोलीचा वास... मी ओटी भरली. गुरवकाकांना सगळं सांगितलं. ते मला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी शांतपणे पाकळ्या भिजवल्या आणि विचारलं,

"उजवो कित्यासाठी मागू? जावक, काय रवाक?"

मला आधी कळलंच नाही. ते म्हणाले, "अगो, आपणाक जा होया, ता उजव्याक धरूचा लागता. आवशीक काय होया? पुण्याक जावचा, काय हंय रवाचा?"

मी मंदारकडे बघितलं.

येताना मी मनात अगदी पक्कं धरलं होतं. आईला पुण्याला नेऊ का, उजवा दे. मला काय हवंय ते मला पाठ होतं. पण काका माझं विचारतच नव्हते. आणि आईला काय हवंय, हे इतक्या महिन्यांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. चल म्हटलं होतं, कधी येतेस म्हटलं होतं, पडद्यांचा रंग विचारला होता...

मंदार हळूच म्हणाला, "फोन कर ना खाली."

मी बाहेर सभामंडपात आले. नशिबाने रेंज होती.

"आये, काका विचारतायत, उजवा कशासाठी मागायचा? जाण्यासाठी की राहण्यासाठी?"

"तूच सांग मा. तुका कळता."

"मला नाही कळत गं. तुझ्या मनात काय आहे ते सांग."

खालून जाणाऱ्या एका गाडीचा हॉर्न तेवढा फोनमध्ये ऐकू आला.

"रवाक," ती म्हणाली. मग घाईघाईने, "रागाव नको हां गो बाय. रवाक माग."

फोन ठेवला आणि तिथेच खांबाला टेकून उभी राहिले. माझ्या आईने मला नाही म्हणायला इतके महिने घेतले होते. माझ्या रडण्यापुढे तिला ते जमत नव्हतं. म्हणून तिने देवीला मध्ये घातलं होतं.

आत जाऊन काकांना सांगितलं, कौल नको. आईने सांगितलं, ती इथेच राहते. तुम्ही फक्त तिच्यासाठी देवीला गाऱ्हाणं घाला.

काकांनी पाकळ्या देवीच्या पायाशी ठेवल्या आणि हात जोडून आवाज लावला. "गे माऊली, तुझी एक म्हातारी खाली पायथ्याक बसली हा. तिका तिच्या घरातच रवाचा आसा. तिच्या दारार, तिच्या वाटेर तुझी नजर ठेव गे माऊली..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं म्हणालो. सईने माझा हात घट्ट धरला.

खाली आलो तर आई गाडीबाहेर उभी. "कौल खंयचो पडलो?"

"लावलाच नाही."

"मगे वर इतको येळ काय करी होतास? जावयबापू निजले काय?" असं म्हणून पदराने डोळे पुसायला लागली...

मी दोन दिवस रजा वाढवली. न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतले, खाली रबरी चटया टाकल्या. सुमनकाकींकडे एक चावी दिली.

भीती गेलेली नाही, खोटं कशाला सांगू. रोज सकाळी सातला फोन करते आणि ती उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. पण आजवर ही भीती मी तिला सांभाळायला लावत होते, तिला घर सोडायला सांगून. आता ती भीती मी माझ्याकडे ठेवली आहे. त्या एका प्रश्नासाठी गुरवकाकांचे आभार कसे मानावेत, ते मात्र अजून सुचलेलं नाही.