तारामावशीचा माळा

तारामावशी नव्या माणसाला कधी नाव विचारत नसे. "जेवलंस?" हा तिचा पहिला प्रश्न आणि "झोपतस खंय?" हा दुसरा. मी घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत पहिल्यांदा गेलो, तेव्हा खरं तर प्रश्न विचारायचं काम माझं होतं. शहरं का वाढतात याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत मी फॉर्म भरून घ्यायला नुकताच लागलो होतो. जिंतूरहून आलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. अंगात अर्थशास्त्र मावत नव्हतं. गावातून ढकलणारी आणि शहराकडे ओढणारी बलं मी मावशीला दारात उभं राहून समजावून सांगितली. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "जेवलंस?"

"हो."

"झोपतस खंय?"

"मुलुंडला. छान सोय आहे."

दोन्ही उत्तरं खोटी होती. छान सोय म्हणजे चुलतभावाच्या चाळीतली गॅलरी, तीही एक तारखेपर्यंत. मग वहिनींचे भाऊ येणार होते. दुसरी जागा मिळाली नाही तर मला परत जिंतूरला जावं लागणार होतं, जिथे वडिलांनी माझ्या पदवीचे पेढे सबंध गल्लीत वाटले होते.

मावशीच्या रांगेत सगळी घरं तिच्या कोकणातल्या गावची. गाव का सोडलं असं विचारलं की प्रत्येक घर एकच सांगे, "मावशीन बोलवल्यान." फॉर्मवर पर्याय होते रोजगार, शिक्षण, लग्न आणि इतर. मी प्रामाणिकपणे अख्खी रांग 'इतर'मध्ये टाकली.

साहेब म्हणाले, "घरी बसून भरलेस का रे हे? पुन्हा जा."

पुन्हा गेलो ती नेमकी एक तारीख. हातात माझी बॅग. "मावशी, खरं कारण सांगा. तुमच्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नाही."

"मगे माझां नाव लिव." मग तिची नजर बॅगेवर गेली. "मेल्या, सर्वे करूक इलंस की ऱ्हवाक?"

मी बॅग पाठीमागे सरकवली.

मावशीच्या खोलीतल्या पत्र्याखालच्या माळ्यावर फक्त गाववाल्यांनी राहायचं, तेही खोली मिळेपर्यंत, असा त्यांच्या मंडळाचा नियम. संध्याकाळी मंडळ बसलं. मी बाहेर नळापाशी बॅगेवर बसून माझ्या भवितव्याची चर्चा ऐकत होतो.

"मावशे, तो घाटावरचो," शेजारचा बाबल म्हणाला.

"मगे? पोट घाटार ठेवन इलो काय?"

"पण माळ्यार जागा खंय हा?"

"जागा गावना नाय बाबला, करूची लागता. सरका वायच. शिकलेलो हा, अर्ज तरी लिवतलो."

माझ्या पदवीला मुंबईत आलेली ही पहिली मागणी. रेशनकार्ड, नळ, शाळेचा दाखला... चार वर्षं मी माळ्यावर पालथं पडून अर्ज लिहिले. ताठ बसलं की पत्रा डोक्याला लागे, त्यामुळे गर्वही फारसा वाढला नाही. 'इतर'चं मात्र मी गुपचूप 'रोजगार' करून टाकलं. साहेब खूश झाले. त्या अहवालात तारामावशी कुठेही नाही. संशोधनातली माझी भर एवढीच.

पुढे मला बोरिवलीला खोली मिळाली. निघायच्या दिवशी मी ऋण, उपकार वगैरे शब्दांचं भाषण पाठ केलं होतं. माळ्यावरूनच सुरुवात केली, "मावशी, तुम्ही नसतात तर..."

"भाषाण पुरे. माळो झाडून दी आणि उतर," ती खालून ओरडली. शिडीच्या पायाशी एक नवं जोडपं ट्रंक घेऊन उभं होतं. मी उतरल्याशिवाय त्यांना चढता येत नव्हतं.

मी घाईघाईने उतरलो.