खापरापाशी कुंदाबाई

मायबाप हो, विद्या डोळ्यांत भरते आणि तेवढ्यानेच आपल्याला वाटते, ती आपली झाली. असे वाटून घेतलेल्या एका बाईची ही हकिगत आहे.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचा सुमार. एरंडोलकडच्या एका खेड्यात जीवरामची बायको कुंदाबाई नांदत होती. तिची सासू भागाबाई म्हणजे पुरणाच्या मांड्यांचा हात. लग्न असो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया असो, बोलावणे तिलाच. पुरण भरून लाटलेला मांडा ती तळहातांवर घेई, मनगटांवर झुलवी, कोपरांपर्यंत पसरवी आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर असा अलगद सोडी, की जणू देवाला शेला पांघरते आहे. खापरापाशी बसणाऱ्या बाईला लग्नघरात मान. वरमाईसुद्धा तिला अक्का म्हणे.

कुंदाबाईला ती जागा हवी होती. तिला लोभी म्हणू नका. घरात तिच्या नावाने हाक यायची ती भांड्यांसाठी, शेणासाठी, सरपणासाठी. एकदा तरी मानाची हाक यावी, एवढेच त्या जिवाचे मागणे होते.

सासू तिला मायेने शेजारी बसवी. कणीक तिंबणे सुनेकडे, पुरण वाटणे सुनेकडे. पण सुनेने मांडा हातावर घेतला, की भागाबाईचा हात पुढे येई.

"राहू दे वं, फाटी जाई. आन इकडे."

पाहुणे खोळंबलेले, पुरण मोजके, स्वतःची अब्रू पणाला. हात पुढे येई आणि मांडा निघून जाई. वर्षामागून वर्षे असाच निघून जाई. कुंदाबाई बघत राहिली. बघून बघून तिला सगळे पाठ झाले: अंगठा कुठे मिटायचा, कोपर केव्हा उचलायचे, खापर कितपत तापू द्यायचे. विचारले तर न अडखळता सांगायची. सांगता येते म्हणजे करता येते, असे तिला वाटले. सासूलाही तसेच वाटत असावे. सुनेच्या हातून तिने एकही मांडा फाटू दिला नाही. पांडुरंगा, न फाटता हा मांडा कोणाला आला आहे?

पुढे भागाबाईच्या अंगावरून वारे गेले. उजवे अंग लुळे पडले, वाचा गेली. त्याच वर्षी वैशाखात भाऊबंदांतल्या तोताराम आबांच्या थोरल्या मुलीचे लग्न निघाले. आबा ओसरीवर येऊन बसले आणि संकोचत म्हणाले, "कुंदा, तुले जमी का?"

"माले बठ्ठं येस, आबा," ती म्हणाली. मला सगळे येते, या शब्दांत खोटे तिळभर नव्हते. ती मनापासून बोलली.

लग्नाआधी घरी करून पाहावे, तर रिवाज आडवा आला. घरचे माणूस अंथरुणाला खिळले असता खापर चढवायचे म्हणजे त्याच्या दुखण्यावर सण करायचा, अशी घरची समजूत. कुंदाबाईने रिवाज पाळला. डोळे मिटून सासूचे हात आठवले, की एकेक हालचाल स्वच्छ दिसे. तिची खात्री आणखी पक्की होई.

लग्नाच्या सकाळी पहिला मांडा मनगटावरच फाटला. दुसरा बोटांना चिकटला. तिसरा खापरावर पडला तो अर्धा. पुरण ओघळून जळले आणि मांडवभर करपट वास सुटला. डोळ्यांना सारे येत होते, हातांना काहीच येत नव्हते. नवऱ्या मुलाची आत्या पुष्पाबाई चुलीपाशी वाकून म्हणाली, "वं बाई, हाऊ मांडा शे का फाटेल गोधडी?" बाया हसल्या. आबांनी घाईघाईने पुऱ्या तळायला सांगितल्या. कुंदाबाई आतल्या खोलीत पिठाचे हात तसेच घेऊन बसून राहिली.

तेव्हा तिने रिवाज मोडला. घरचे खापर चढवले, नुसत्या कणकेचे मांडे केले आणि फाटू दिले. फाटका मांडा टाकून न देता फाटला कुठे ते पाही. तिथे अंगठा रुतला होता हे कळे. दोन दिवस थांबे, पुन्हा करी. जीवराम तेच तेच तुकडे खाऊन कुरकुरला, शेजारणींनी आजारी सासूवरून टोमणे मारले, पण हात शिकत गेले. पुढच्या आखाजीला पुरणाचा अखंड मांडा उतरला. तो दुधात न मोडता, तसाच ताटात घालून तिने सासूपुढे नेला. भागाबाईने डाव्या हाताच्या चिमटीत कड धरून पाहिली. जाड होती. तिने तोंड भिंतीकडे फिरवले.

त्याच वैशाखात आबांच्या धाकट्या मुलीचे लग्न आले. बोलावण्याची वाट न पाहता, बांगड्या वर सारून, कुंदाबाई पहाटेच मांडवात गेली. चुलीच्या जागी जळगावच्या पिंप्राळ्याहून आलेले आचारी मोठ्या कढया लावून बसले होते. जिलबी, पुरी, मठ्ठा. खापर कोठेच नव्हते.

"आबा, आते माले खरंच येस," ती हळूच म्हणाली.

"व्हई वं," आबा पाहुण्यांकडे बघत म्हणाले. "तू पंगतमा बस. आते आचारी शेतस."

पहिल्या पंगतीत तिचे पान मांडले गेले. शेजारच्या बाईने पुरीची तारीफ केली. कुंदाबाई हो म्हणाली आणि जेवू लागली.