‘पास’चं बटण

“किल्ल्या ठेव टेबलावर,” भय्यासाहेब म्हणाले. मी स्क्रीनवरच्या एका बटणाला हिरवा रंग देत होते, तो तसाच अर्धवट राहिला.

गोडाऊन सांभाळणाऱ्या शकीरभाईंनी कमरेचा जुडगा सोडला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. ऑफिसचं दार सताड उघडं होतं. बाहेर गोडाऊनच्या ओट्यावर हमाल पोत्यांना टेकून उभे होते आणि सगळं ऐकत होते. दार भय्यासाहेबांनी मुद्दामच उघडं ठेवलं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. इतकी वर्षं ते या माणसाला ‘शकीरभाई’ म्हणत आले होते. त्या दिवशी नुसतं ‘शकीर’ झालं.

मी अकोल्यात, जठारपेठेत राहते. जिनिंगवाले, दवाखाने, दुकानदार यांना स्प्रेडशीटमध्ये प्रोग्राम करून देते. भय्यासाहेबांची बियाण्यांची कंपनी होती. ऑफिस आणि लॅब अमरावतीला, मोठं गोडाऊन अकोल्याच्या एमआयडीसीत. “मॅडम, छोटंसं काम आहे, नुसता मेनू नीट करून द्या,” असा त्यांचा फोन आला होता. ‘छोटंसं काम’ हे शब्द ऐकले की माझं डोकं दुखायला लागतं. पण गेले.

मेनू म्हणजे काय, तर फाइल उघडल्यावर दिसणारं पहिलं पान. स्प्रेडशीटच्या एका फाइलमध्ये अनेक पानं असतात, त्यांना शीट म्हणतात. खाली प्रत्येक शीटच्या नावाची एक चिठ्ठी दिसते, तिला टॅब म्हणतात. शीट वाढल्या की टॅब शोधता शोधता माणसाच्या नाकीनऊ येतात. म्हणून पहिल्या पानावर बटणं करायची: ‘आवक’ दाबलं की आवकेची शीट, ‘गाडी’ दाबलं की गाड्यांची. या फाइलचा मेनू भय्यासाहेबांच्या पुण्यातल्या भाच्यानं केला होता. कुणी भलत्या शीटला हात लावू नये म्हणून त्यानं खालचे सगळे टॅब लपवून टाकले होते. जायचं ते बटणावरूनच. त्या सकाळी मी फाइलची एक कॉपी घेऊन नुसती मेनूच्या पानावर बसले होते, आत शिरलेही नव्हते.

आणि दुपारी भय्यासाहेब अमरावतीहून जीपनं येऊन थडकले.

झालं होतं ते असं. सोयाबीनचं बियाणं गोडाऊनला आलं की जसं येईल तशी पोत्यांची थप्पी लागते. प्रत्येक खेपेला लॉट नंबर असतो. त्यातलं थोडं बी लॅबमध्ये ओल्या कागदात ठेवून उगवतं किती ते बघतात. पुरेसं उगवलं तर लॉट पास, नाही तर थांबवलेला. मेळघाटातल्या धारणीच्या दुकानदारानं माल पोचल्याचा फोन अमरावतीला केला आणि लॉट नंबर वाचून दाखवले. लॅबच्या बाईंनी ते ऐकले आणि निकालांशी ताडून पाहिले. थांबवलेला लॉट मेळघाटात पोचला होता.

ती वर्षं वऱ्हाडात पेपर उघडायची भीती वाटावी अशी होती. कपाशीनं हात पोळलेले लोक सोयाबीनकडे वळत होते. बी उगवलं नाही तर पुन्हा पेरायला दुसरं बी आणायचं कुठून, हा प्रश्न घरोघरी होता. अशात खराब बियाण्याची बोंब झाली असती तर कंपनीच्या दाराला कुलूप लागलं असतं. भय्यासाहेबांनी धारणीचा माल फोनवरून थांबवला आणि मग दोषी शोधायला निघाले. त्यांना तो जीपमध्ये बसण्याआधीच सापडला होता.

“थांबलेला माल कोणी उचलायला सांगतला तुले?”

“कोणीच नाई सांगतला, भय्यासाहेब. पोरीनं पासचे नंबर वाचले, मी थप्पीवर खडूनं खुणा केल्या, अन् खुणा पाहून हमालाइनं माल भरला.”

पोरगी म्हणजे वैशाली, तिथली कॉम्प्युटर ऑपरेटर. ती स्क्रीनवरून लॉट नंबर मोठ्यानं वाचायची आणि शकीरभाई खडू घेऊन गोडाऊनमध्ये जायचे. कागद नाही, सही नाही, वर्षानुवर्षं असंच चाललेलं. वैशाली म्हणाली, मी पासचं बटण दाबूनच वाचले. भय्यासाहेबांनी खिशातून पासच्या यादीचा प्रिंट काढला आणि टेबलावर आपटला. तो अमरावतीच्या कॉपीतून काढलेला होता. लॅबचे निकाल तिथेच भरले जायचे आणि मग हंगामाआधी तीच फाइल पेन ड्राइव्हवर अकोल्याला यायची. प्रिंटमध्ये धारणीचा लॉट नव्हता. पोरगी बरोबर वाचते, यादीत लॉट नाही, म्हणजे थप्पी बदलली ती शकीरनं. कुणाकडून तरी हात ओले झाले असणार. संध्याकाळपर्यंत पोलिसात तक्रार जाईल, असंही ते बोलून गेले.

 शकीरभाईंनी शर्टाची वरची गुंडी उगाच लावली आणि पुन्हा काढली.

माझा या भानगडीशी संबंध नव्हता. मी उठून गेले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण मला एक गोष्ट खटकत होती. दोन तास ओरडा चालला होता आणि समोरच्या मशीनवर पासचं बटण दाबून बघावं, हे एकाच्याही मनात आलं नव्हतं. मी वैशालीला बाजूला सरकायला सांगितलं आणि बटण दाबलं.

यादी उघडली. धारणीचा लॉट त्यात होता.

वैशालीनं मोठा श्वास सोडला. भय्यासाहेब मात्र आणखीच पेटले. लॉट मागाहून घुसवला आहे, शकीरला कॉम्प्युटर येत नाही पण पोरीकडून करवून घेता येतं, असं ते म्हणाले. वैशाली रडायला लागली. बटण दाबून मी शकीरभाईंसोबत तिलाही अडकवलं होतं.

मी प्रिंट उचलला आणि स्क्रीनशेजारी धरला. एकेक नंबर जुळवायला लागले. पहिला जुळेना. दुसरा जुळेना. शेवटपर्यंत गेले, एकही जुळला नाही.

इथे मला जरा धीर आला. लबाडी करणारा माणूस यादीत एखादा नंबर घुसवतो, सगळी यादी बदलत नाही. सगळी यादी वेगळी आहे म्हणजे ही शीटच वेगळी आहे. पण ती वेगळी हे कळायला काही मार्ग नव्हता. पास आणि थांबवलेले, दोन्ही शीटचे रकाने तेच, रंग तोच, वर मथळाही एकच, ‘सोयाबीन खरीप’. फरक होता तो खालच्या टॅबवरच्या नावात, आणि टॅब भाच्यानं लपवलेले.

मी टॅब दिसते केले. पासच्या बटणानं उघडलेल्या शीटखाली नाव होतं ‘थांबवलेले’, मागे वर्ष.

“हे कसं काय?” भय्यासाहेबांचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

मी म्हटलं, बघावं लागेल, आणि बटणामागचा कोड उघडला. बटण दाबल्यावर काय करायचं ते त्यात लिहिलेलं असतं. बाकीची बटणं शीटला नावानं बोलावत होती. पण पास आणि थांबवलेले या दोन शीटची नावं दर हंगामाला बदलायची, मागे वर्ष लागायचं. दरवर्षी कोड बदलायचा कंटाळा म्हणून भाच्यानं या दोघींना नंबरानं बोलावलं होतं. पास म्हणजे चौथी शीट, थांबवलेले म्हणजे तिसरी. शीट आपल्या जागेवरून हलत नाहीत तोवर हे बिनबोभाट चालतं.

मी टॅब मोजले. पास पाचवी होती. मेनूच्या मागे, आवकेच्या आधी, एक जास्तीची शीट बसली होती. तिच्यावर क्लिक केलं. कोऱ्या पानाच्या मधोमध मोठ्या लाल अक्षरात ‘श्री’, खाली स्वस्तिक, बाजूला दोन रेघा.

 मी वैशालीकडे पाहिलं. तिनं डोळे पुसले आणि भय्यासाहेबांकडे पाहिलं.

त्यांच्या घराण्यात नव्या वहीचं पहिलं पान ‘श्री’साठी सोडायचं, असा रिवाज होता. हंगामाची पहिली गाडी निघायच्या मुहूर्तावर गाडीपुढे नारळ आणि वहीची पूजा. आता वह्या गेल्या, फाइल आली. मुहूर्ताच्या सकाळी गोडाऊनवर येऊन त्यांनी वैशालीला सांगितलं, इथल्या फाइलमध्ये आवरणाच्या मागे एक कोरं पान घाल. मेनू म्हणजे आवरण, असा त्यांचा हिशेब. मग खुर्चीवर बसून त्यांनी स्वतः, एका बोटानं, ‘श्री’ टाइप केलं होतं. त्या एका पानानं मागच्या सगळ्या शीट एकेक घर पुढे सरकल्या. चौथ्या जागेवर थांबवलेले येऊन बसले आणि पासचं बटण तेच उघडायला लागलं. थांबवलेल्याचं बटण आवक उघडत होतं, पण ऐन हंगामात ते दाबतंय कोण?

हे सगळं मला भय्यासाहेबांना सांगायचं होतं आणि ते सोपं नव्हतं. देवाचं पान, मालकाचा हात, आणि वर आणखी एक गोष्ट. शकीरभाई दोषी असते तर खराब माल एकाच गाडीत असता. फाइल दोषी असेल तर मुहूर्तापासून निघालेली प्रत्येक गाडी तशीच. शकीरभाईंना दोष देणं भय्यासाहेबांना किती स्वस्तात पडत होतं, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मला त्यांचा रागच आला. त्या रागानंच मी बोलू शकले.

“भय्यासाहेब, धारणीची एकच गाडी नाही. ‘श्री’ घातल्यावर जेवढ्या गाड्या गेल्या त्या सगळ्यांत थांबवलेलाच माल आहे. शकीरभाईंनी वैशालीनं वाचलं तेच भरलं, आणि वैशालीनं समोर दिसलं तेच वाचलं.”

ते उठून खिडकीपाशी गेले. मला वाटलं, आता मला हाकलतील. त्यांनी पाठमोरं राहूनच विचारलं, “पान काढलं तर?”

मी ‘श्री’ची शीट फाइलच्या शेवटी नेऊन ठेवली आणि पास दाबलं. प्रिंटमधली यादी जशीच्या तशी समोर आली. त्यांनी वळून ती पाहिली आणि फोनचा रिसीव्हर उचलला.

एक मात्र सांगितलं पाहिजे, पुढच्या तासात तो माणूस उभ्यानं राबला. धारणीची गाडी मुहूर्ताचीच होती, तिच्यानंतर दोन गाड्या गेल्या होत्या, एक दर्यापूरला, एक रिद्धपूरच्या बाजूला. दर्यापूरचा माल अजून उतरायचा होता. रिद्धपूरच्या दुकानात फोन नुसता वाजत होता. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी शेजारच्या हॉटेलात फोन करून दुकानदाराला बोलावून घेतलं. त्यानं सकाळीच विक्री काढली होती. काही पोती गावात गेली होती, पण पाऊस नव्हता, पेरणी कुणी केली नव्हती. कोणाकोणाला दिली ते त्याला तोंडपाठ होतं. तो मोटरसायकल काढून निघाला आणि दिवेलागणीला त्याचा फोन आला, सगळी पोती परत मिळाली म्हणून. तेव्हा कुठे भय्यासाहेब खुर्चीत बसले.

मग त्यांनी जुडगा उचलून शकीरभाईंपुढे धरला. “घ्या, शकीरभाई. अन् हे पानाचं या खोलीतच राहू द्या.”

शकीरभाईंनी हात पुढे केला नाही. “आता नाई, भय्यासाहेब. घेतल्या तवा सारे हमाल पाहून राह्यले होते. आता ते घरी गेले. उद्या त्याइच्यासमोर द्या, अन् काहून घेतल्या होत्या तेही सांगा.”

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. भय्यासाहेब रात्री अकोल्यातच राहिले होते. ओट्यावर उभं राहून त्यांनी किल्ल्या दिल्या आणि चूक फाइलची होती, असं सांगितलं. ‘श्री’चं नाव घेतलं नाही. शकीरभाई क्षणभर थांबले, बहुतेक पुढचं ऐकायला, आणि मग गोडाऊन उघडायला गेले.

मी मेनू नव्यानं केला. सगळी बटणं शीटला अशा नावानं बोलावणारी, जे वरचं नाव बदललं तरी आत कायम राहतं. पासच्या शीटवर रुंद हिरवा पट्टा, थांबवलेल्यावर लाल, पट्ट्यावर ठळक नाव. टॅब उघडे. ‘श्री’ मेनूच्या पानावरच वरती, तिथे ते कुणाला सरकवत नाही. लॉटची यादी छापून तिच्यावर सही घ्यायची, हेही मी वैशालीकडून सुरू करवलं. आता फाइल गिऱ्हाइकाला देण्याआधी मी तिच्यात पुढे, मध्ये, मागे कोरी पानं घालते आणि प्रत्येक बटण दाबून बघते. बघणाऱ्याला वाटतं, माझीच काही पूजा चालली आहे.

शकीरभाईंनी तो हंगाम पुरा केला आणि दिवाळीनंतर काम सोडलं. मला ते बाजारात भेटले, मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसत होते. मी विचारलं, किल्ल्या तर परत मिळाल्या होत्या, मग काहून सोडलं?

त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, चहा सांगितला. मग म्हणाले, “तुमी त्या मशीनले तरी इचारून पाह्यलं, मॅडम. मले तर कोणी इचारलंच नाई.”

चहा आला. आम्ही तो घेतला आणि नंतर बोलणं त्यांच्या मुलीच्या बारावीवर गेलं.