प्लास्टरमामा आणि डावखुरी वीजवंती

हाडांच्या दवाखान्यात, तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून एक लांबट खोली होती. तिच्यात प्लास्टरमामांनी सव्वीस वर्षं काढली होती. त्यांना मामा कुणी केलं ते कुणाला आठवत नव्हतं. मोठ्या डॉक्टरीणबाईसुद्धा "मामा, जरा हे मनगट घ्या" असंच म्हणायच्या. मोडलेलं हाड जुळवायचं काम बाईंचं, पण जुळलेल्याला जागच्या जागी गप्प बसवायचं काम मामांचं. आधी कापसाची पट्टी गुंडाळायची, मग प्लास्टरची गुंडाळी कोमट पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की काढून हलकेच पिळायची आणि एकही घडी न पडू देता हातावर फिरवत न्यायची. मामांचा हात इतका साफ, की बाई म्हणायच्या, "तुमचं प्लास्टर बघितलं की आपलंही एखादं हाड मोडावंसं वाटतं."

दुसऱ्या दिवशी प्लास्टर वाळलं की पोरं दाखवायला यायची, तेव्हा मामा त्यावर चित्र काढून द्यायचे. चित्रं दोनच, मासा नाहीतर फूल. सव्वीस वर्षांत कुणाची तक्रार आली नव्हती.

मग एका सोमवारी सात वर्षांची एक मुलगी वाळलेल्या प्लास्टरचा उजवा हात गळ्यात अडकवून दाखवायला आली.

"कशी गं पडलीस?" मामांनी विचारलं.

"पडले नाही. कपाटावरून उतरले," ती म्हणाली.

"बरं. मासा काढू की फूल?"

"वीजवंती."

आता वीजवंती कोण हे मामांना ठाऊक नव्हतं. पण सव्वीस वर्षं नोकरी झालेला माणूस सात वर्षांच्या पोरीला कसं विचारणार? वीज म्हटल्यावर त्यांनी एक झोकदार नागमोडी बाण काढला, त्याच्या बाजूला झगा घातलेली एक बाई उभी केली आणि पेनाला टोपण लावलं. मुलीने हात डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं.

"हे मीटरच्या डब्यावर असतं, ते आहे," ती म्हणाली. "हात लावू नका, म्हणून लिहिलेलं असतं ना, ते. आणि ही बाई कोण?"

बाकावर ओळीने बसलेले सगळे लंगडे-लुळे खो-खो हसले. एकाला तर बरगडीचा मार होता, तो कळवळत हसला. मुलीच्या आजीने ओढणीने चित्र झाकलं आणि तिला घेऊन गेली. मामांना तोंडात मारल्यासारखं झालं.

संध्याकाळी ते घरी न जाता सरळ वाचनालयात गेले. तिथल्या ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या. त्यांच्यापुढे मोठमोठे वकील कुजबुजत बोलायचे.

"मला वीजवंती पाहिजे," मामा म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कुठली? जुनी, नवी, की मेल्यानंतरची?"

"मेल्यानंतर काय असतं?"

"मेल्यानंतर तिचं लग्न होतं," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "तुम्ही असे मधूनच घुसलात तर गोंधळ होईल. बसा."

आणि त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर यादी करून दिली. आधी वीजवंतीच्या चित्रकथेचे पहिले सहा अंक वाचायचे. मग पहिला सिनेमा बघायचा, पण शेवटची नावं संपेपर्यंत उठायचं नाही. मग 'काचमानव' मालिकेचे दोन खंड, कारण पुढे तो आणि वीजवंती एकाच गावात राहायला येतात. दुसरा सिनेमा अजिबात बघायचा नाही. ही शेवटची ओळ बाईंनी दोनदा अधोरेखित केली.

"का हो?"

"काढणाऱ्यांनी वाचलेलंच नाही," बाई म्हणाल्या, आणि इतक्या तुच्छतेने शिक्का मारला की टेबल हललं.

घरी मामींनी पिशवीतून निघालेली रंगीत पुस्तकं पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अहो, पुढच्या वर्षी निवृत्त होणार तुम्ही!"

"कामाचं आहे," मामा म्हणाले आणि वही घेऊन बसले. वहीत त्यांनी केसपेपरसारखे रकाने आखले. नाव, शक्ती, कमजोरी, जुनी दुखापत. वीजवंती पाण्यात गेली की तिची शक्ती जाते. काचमानव रागावला की तडकतो आणि झोपला की पुन्हा जुळतो. काचमानवाच्या रकान्यात मामांनी लिहिलं, 'सहा आठवडे लागायला हवेत. एका रात्रीत जुळतो. पटत नाही.'

सिनेमा बघताना तर त्यांच्याबरोबर बसणं अवघड होतं. वीजवंतीने बाराव्या मजल्यावरून उडी घेतली की मामा ओरडायचे, "गेला! घोटा गेला!" कुणी कुणाला भिंतीवर आपटलं की, "गळपट्टीचं हाड. लिहून घे."

"अहो, गप्प बसा ना," मामी म्हणायच्या. "तिच्या आईचं पत्र आलंय."

कारण तोवर मामी पुरत्या अडकल्या होत्या. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन केंद्रात गेली होती. अख्ख्या गावाचं कुणाचं कुणाशी काय चाललंय हे त्या नुसत्या आवाजावरून ओळखायच्या. त्यामुळे मामा वहीत बाण काढत बसायचे आणि मामी भाजी निवडता निवडता सांगून टाकायच्या, "अहो, तो मुखवटेवाला तिचा सावत्र भाऊ आहे. 'ताई' म्हणताना अडखळला, ऐकलं नाहीत?" पण पंचाईत अशी, की मामींना आवडला तो खलनायक. गंजराज म्हणून एक राजा होता, तो ज्याला हात लावी, माणूस असो की लोखंड, त्याला गंज चढे. "बिचाऱ्याला कुणाशी हातसुद्धा मिळवता येत नाही," मामी म्हणायच्या. "वेडं नाही होणार तर काय?" यावरून दोघांत दोन दिवस अबोला होता.

आठ दिवसांनी ती मुलगी पुन्हा एक्स-रेला आली. मामांनी तिला खुर्चीवर बसवलं, जुन्या चित्रावर पांढरं प्लास्टर फिरवलं, दुसऱ्या दिवशी ते वाळल्यावर तिला पुन्हा बोलावलं आणि मग वीजवंती काढली. पट्टा, बूट, तुटकी वेणी, सगळं जागच्या जागी.

"वीज डाव्या हातात का काढलीत?" मुलीने दरडावून विचारलं.

"चौथ्या अंकात तिचा उजवा खांदा निखळला. तेव्हापासून ती डावखुरी आहे."

मुलीने चित्रातल्या डाव्या हातावरून बोट फिरवलं. मग आजीकडे वळून म्हणाली, "यांना येतं."

त्यानंतर खोलीबाहेर रांग लागायला लागली. डॉक्टरीणबाई वैतागल्या. "मामा, काल एकजण धडधाकट हात घेऊन आला होता!" मामांना थोडा गर्वही चढला. पोरांनी चुकीची मागणी केली तर ते चित्र काढायचे नाहीत. "काचमानवाला केप? कोणत्या अंकात? दाखव आधी." दोन पोरं रडत परत गेली, तेव्हा बाईंनी मामांना बोलावून चांगलं फैलावर घेतलं.

त्याच सुमारास क्रेनवाला आला. दाराला डोकं लागेल एवढा माणूस. पन्नास माणसं उचलणार नाहीत असं वजन तो रोज आभाळात झुलवायचा. मनगटाचं हाड जुळून पंधरा दिवस झाले होते, पण प्लास्टर काढायची करवत घर्रर्र सुरू झाली की गडी पांढराफटक पडायचा. दोनदा तो खुर्चीतून उठून पळून गेला होता.

"अहो, ही फक्त थरथरते. कातडीला काही करत नाही," मामांनी करवत स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवली.

"कळतं हो मला," क्रेनवाला घाम पुसत म्हणाला. "पण पोटाला कळत नाही."

मामांची नजर त्याच्या डब्याच्या पिशवीकडे गेली. आत 'काचमानव'चा नवा अंक होता, मधोमध बसचं तिकीट खुणेला घातलेला. मामांनी करवत हातात घेतली आणि सहज म्हणाले, "काचमानव होय? बरा आहे. पण भित्रा. वीजवंतीच्या मागे लपतो."

क्रेनवाल्याची मान गर्रकन वळली. "काय म्हणालात? लपतो?"

"लपतोच की." घर्रर्र सुरू झालं. "पुलाच्या लढाईत कुठे होता?"

"पुलाखाली होता! पूल पाठीवर तोलून धरला होता त्याने! शंभर तुकडे झाले त्याचे!"

"तो तर गंजराजाने धरला होता."

"गंजराजाने? लोखंडी पूल?" क्रेनवाला ओरडला. "अहो, त्याने हात लावला असता तर भुगा झाला असता! तुम्ही वाचलंय तरी का? मामा, राग मानू नका, पण तुम्हाला काडीचं कळत नाही!"

"असेल," मामा म्हणाले आणि कात्रीने कापूस उघडला. "हात धुऊन घ्या. जरा खाजेल."

क्रेनवाल्याने आपल्या बारीक, पांढुरक्या झालेल्या मनगटाकडे पाहिलं. मग मामांकडे. मग जमिनीवर पडलेल्या प्लास्टरच्या दोन पांढऱ्या फाकांकडे.

"तुम्हाला पुलाचं माहीत होतं?"

"वहीत लिहिलंय," मामा म्हणाले. "शंभर नाही, एकशे बारा तुकडे."

तेव्हापासून क्रेनवाला दर रविवारी दुपारी मामांकडे येतो. येताना अंक आणतो, मनगटाचे व्यायाम करत वाचतो आणि मामी त्याला गंजराजाबद्दल एक वाईट शब्द बोलू देत नाहीत. परवा ग्रंथपालबाईही आल्या होत्या. यादीत 'अजिबात बघायचा नाही' म्हणून लिहिलेला तो दुसरा सिनेमा लावायचा की नाही यावर चौघांची जुंपली. शेवटी मामींनीच तो लावला. अर्ध्यात सगळे उठले, पण चहासाठी. मग पुन्हा येऊन बसले आणि शेवटची नावं संपेपर्यंत कुणी हललं नाही.