सूपभर ज्वारी

अकोल्याच्या मिशन दवाखान्यात आईनं मला एका परक्या बाईच्या ओटीत टाकलं, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता... साल नीट आठवत नाही, चुकीचं लिहायला नको.

आम्ही अमरावतीजवळचे माळी. मला मुदतीचा ताप आला होता, आजकाल टायफॉईड म्हणतात तो. माझ्याआधीचे दोन भाऊ तापानंच गेले होते. मामा अकोल्याच्या बाजारात भाजी विकायचे, त्यांनीच मला तिथल्या दवाखान्यात नेलं.

तिथे रूथबाई नावाच्या नर्स होत्या. आईनं मला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं... "बाई, माह्याजवळ पोरं टिकत नाईत. हे आता तुमचं."

आमच्याकडे ही रीतच होती. पोर दुसरीच्या ओटीत टाकायचं, म्हणजे आपल्या नशिबाची नजर त्याच्यावरून हटते. बरं झालं की सूपभर ज्वारी देऊन परत घ्यायचं. पण रूथबाई पडल्या नगरकडच्या... त्यांना वाटलं, पोर खरंच दिलं!

त्यांना मूलबाळ नव्हतं. रोज माझ्या उशाशी गुडघे टेकून, माझं नाव घेऊन प्रार्थना करायच्या. ताप उतरला तेव्हा त्यांनी मला सदरा शिवला होता.

आणि आई सूप घेऊन दारात!

रूथबाईंना काही कळेना. मामांनी रीत सांगितली तशा त्या तो सदरा हातात घेऊन रडू लागल्या. मामा म्हणाले, "ज्वारी घ्या अन् पोरगं द्या. कावून रडून राह्यल्या बाई?" मी खाटेवर बसलेला... एक हात आईच्या हातात, दुसरा बाईंच्या.

शेवटी बाईंनी माझा हात सोडला. म्हणाल्या, "न्या त्याला. ज्वारी मात्र नको. मी याला देवाकडे मागितलं, तेव्हा देवानं माझ्याकडून काही घेतलं का?"

आईला वाटेत तोच घोर... "काही घेतलंच नाई, तं पोरगं सुटलं कसं?" म्हणून ती दर नाताळाला मला त्यांच्याकडे पाठवायची. त्यांच्याजवळ बसूनच मी शुभवर्तमान वाचायला शिकलो. शाळा चौथीतच सुटली, ते वाचन सुटलं नाही. काही न घेता देणारा तो देव मला तिथेच भेटला.

बाविसाव्या वर्षी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. आईला सांगायला गेलो. भाऊबंद तर बोलायचे बंद झाले होते. आई भाजीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "मले काय विचारतं? तू तं तवाच त्यायचा झाला."

आज नव्वदीला टेकलोय. दाराची कडी लागली का, नात गाडीत नीट बसली का, हे लिहिलेलं कुणाला खटकेल का... सगळ्याची काळजी करतो. पण आपण कोणाचे, याची काळजी मात्र त्या दिवसापासून कधी करावी लागली नाही.