चौथा खांदा

खोबरेल तेल आणि जुन्या चामड्याचा वास एकत्र आला की आजोबांचा बेसबॉलचा ग्लव्ह आठवतो. जहाजावर इंजिनिअर असताना जपानच्या बंदरात त्यांना या खेळाचं वेड लागलं, आणि सिंगापूरला आमच्याकडे राहायला आल्यावर दर रविवारी दारोदार बेल वाजवून ते मराठी घरांतल्या माणसांना मैदानावर ओढून आणत. कुणी मराठी खलाशी इथे वारला, तर त्याला खांदा द्यायलाही तेच पहिले. एकोणीसशे पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमारास, भरपूर जगून ते गेले, तो नेमका कामाचा दिवस होता. बाबा सकाळपासून सगळ्यांना फोन करत होते. "आज ऑफिस आहे हो, संध्याकाळी घरी येऊन जातो," जो तो म्हणाला. फ्लॅटखाली शववाहिका थांबली तेव्हा उचलायला बाबा, काका आणि माझा भाऊ, एवढेच होते. चौथा खांदा गाडीच्या चिनी ड्रायव्हरने दिला. "अंकल सो लाइट, लाह," किती हलके आहेत अंकल, असं तो इथल्या सिंगापुरी इंग्रजीत हळूच म्हणाला. मी ग्लव्ह पोटाशी धरून बघत राहिले. आता या शहरात आमच्या घरातली मी एकटीच उरले आहे. माझ्या वेळी कोण येईल, असं मनात आलं की डोळ्यांपुढे तो ड्रायव्हर तेवढा येतो.